अब्बांचा ‘ल’

माझे अब्बा सोलापुरात खिळे जुळवायचे. विजापूर वेशीजवळच्या एका छापखान्यात त्यांनी 31 वर्षं कंपोझिटर म्हणून काढली. लहानपणी दुपारचा डबा घेऊन मी जायचो, तेव्हा ते केसपुढे उभे असायचे. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या खणांवरून फिरतोय आणि नजर समोरच्या हस्तलिखितावर. हात खणात न बघता जायचा आणि नेमका हवा तो खिळा उचलून आणायचा. मी विचारलं, “अब्बा, दिखता कैसे?” तर म्हणाले, “हात कू दिखता.”

त्या हस्तलिखितावर निळ्या शाईत मजकूर असायचा आणि कडेला लाल शाईत संपादकांच्या खुणा. ‘24 पॉइंट काळा’, ‘दोन कॉलम’, ‘नवा परिच्छेद’, ‘चौकटीत घ्या’. शब्दाखाली एक रेघ मारली की तो ठळक टाइपात जुळवायचा. अब्बांच्या हाताखाली एक नवीन पोरगा आला होता. त्याने पहिल्याच आठवड्यात एका निधनवार्तेत मजकुराबरोबर खूणही जुळवून टाकली. प्रूफ निघालं ते असं : अमुक अमुक यांचे दुःखद निधन झाले चौकटीत घ्या. सगळा छापखाना हसला. अब्बा हसले नाहीत. त्यांनी पोराला जवळ बोलावून एवढंच सांगितलं, “खूण छापायची नसते बाळा. खूण पाळायची असते.”

वेबपान कसं बनतं हे मला कुणी विचारलं तर मी आता अब्बांचं हेच वाक्य सांगतो. पण ते वाक्य आणि वेबपान यांचा काही संबंध आहे, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. कळलं तेही जरा उशिराच.

‘ये ल अपना नै है’

मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. 2012 साली हा ब्लॉग सुरू केला. तांत्रिक गोष्टींत मला गती नव्हती, म्हणून हिंदीत लिहिणाऱ्या एका मित्राच्या ब्लॉगचा साचा जसाच्या तसा उचलला, त्याचं नाव काढून माझं टाकलं आणि लिहायला लागलो. पानामागे काय आहे हे पाहण्याची गरज कधी वाटली नाही. शीर्षक द्यायचं असलं की शब्द निवडायचे, अक्षर मोठं करायचं, ठळक करायचं. झालं शीर्षक. वर्डमध्ये लिहिलेला लेख उचलून चिकटवायचा. दिसतंय ना बरोबर? मग बरोबरच आहे.

2017च्या ईदला घरी गेलो होतो. अब्बा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी मोठ्या कौतुकाने लॅपटॉपवर त्यांना ब्लॉग दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लागेल इतके पुढे झाले आणि मजकूर वाचायच्या आधी अक्षर वाचलं. छापखान्यातल्या माणसाची खोडच ती. थोड्या वेळाने एका अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, “ये ल अपना नै है.”

मी नीट पाहिलं. ‘ल’ दांडीचा होता. आपण शाळेत गिरवतो तो पाकळ्यांचा ‘ल’ नव्हता. ‘श’चंही तसंच. आपला देठाचा ‘श’ नव्हे, गाठीचा हिंदी ‘श’. महाराष्ट्र शासनाने 2009 साली मराठी वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हेच मराठीचे म्हणून सांगितले आहेत. अब्बांना शासन निर्णय ठाऊक नव्हता. त्यांच्या केसमध्ये 31 वर्षं दुसरा ‘ल’ नव्हता, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

“अब्बा, वो फॉन्टवालों का काम है. आपल्या हातात नाही ते,” मी म्हणालो.

“खिळा हात में नै रहता तो किसके हात में रहता?” असं म्हणून ते उठून गेले. मी लॅपटॉप बंद केला आणि विषयही.

बाई हिंदीत बोलते

त्यानंतर अब्बांचा काचबिंदू वाढला. डॉक्टरांनी थेंब दिले, पुढे शस्त्रक्रिया झाली, पण गेलेली नजर परत येत नाही. 2021च्या शेवटी त्यांना वाचता येणं पूर्ण थांबलं. ज्या माणसाने आयुष्यभर उलटी अक्षरं सुलट वाचली, त्याला सुलटीही दिसेनात. घरात वर्तमानपत्र येत राहिलं. ते हातात घेऊन शाईचा वास घ्यायचे आणि घडी घालून ठेवायचे.

मी त्यांना फोन घेऊन दिला आणि त्यातलं टॉकबॅक सुरू करून दिलं. पडद्यावर बोट फिरवलं की फोन बोलतो. शिकायला महिना गेला, पण शिकले. मग एक दिवस त्यांचा फोन आला, “तेरा लिखा हुआ सुना आज.”

मी म्हणालो, “कसं वाटलं?”

“वो बाई हिंदीवाली है रे. मराठी हिंदी में पढती. ‘माझा’ का ‘झ’ बराबर नै बोलती, ‘चमचा’ का ‘च’ बराबर नै बोलती. मराठी बाई को बुला.” मग थोडं थांबून, “और हेडिंग कहां है? बाई बिना रुके पढतेच जाती. फोटो आया तो खाली ‘इमेज’ बोलती और आगे जाती. मॅटर लगाया किसने?”

मॅटर मीच लावलं होतं. छापखान्यात असं प्रूफ निघालं असतं तर अब्बांनी गॅली परत पाठवली असती.

त्या रात्री मी पहिल्यांदा माझ्याच पानाच्या मागची बाजू उघडली. ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत पाहायची सोय असते. दोन कळा दाबल्या की पान कापडासारखं उलटं होतं आणि मागची शिवण दिसते. माझी शिवण पाहून मला लाज वाटली.

शिवणीत काय असतं

तिथे जे दिसतं त्याला एचटीएमएल म्हणतात. हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज. यातला ‘मार्कअप’ हा शब्द संगणकवाल्यांचा नाहीच मुळी. तो छापखान्यातला आहे. हस्तलिखितावर जुळाऱ्यासाठी खुणा करणं, त्याला इंग्रजीत हाच शब्द होता. म्हणजे आमचे संपादक लाल शाईत जे करायचे, तेच.

फरक एवढाच की इथे लाल शाई नाही. मजकूर आणि खुणा एकाच रंगात, एकाच ओळीत असतात. मग खूण कुठली आणि मजकूर कुठला हे यंत्राला कसं कळायचं? त्यासाठी टोकदार कंस वापरतात, गणितात ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठा’ असतात तसे. कंसाच्या आत जे आहे ती खूण. ती पाळायची, छापायची नाही. कंसाबाहेर जे आहे तो मजकूर. तो छापायचा. या खुणेला टॅग म्हणतात.

बहुतेक टॅग जोडीने येतात, एक उघडणारा आणि एक मिटणारा. मिटणाऱ्यात आधी एक तिरकी रेघ असते. परिच्छेद सुरू करायचा तर कंसात रोमन ‘पी’, संपवायचा तर तिरकी रेघ आणि ‘पी’. दुव्याचा टॅग ‘ए’. यादीचा टॅग ‘यूएल’ आणि त्यातल्या प्रत्येक कलमाचा ‘एलआय’. दुसऱ्याचं म्हणणं उद्धृत केलं असेल तर ‘ब्लॉककोट’. शीर्षकांसाठी ‘एच 1’ ते ‘एच 6’ अशा सहा पायऱ्या. लेखाचं नाव ‘एच 1’, त्यातल्या भागांची नावं ‘एच 2’, पोटभागांची ‘एच 3’.

नियम फार नाहीत. एक मात्र पाळावा लागतो. जो टॅग शेवटी उघडला तो आधी मिटवायचा. डब्यात डबा ठेवल्यासारखं. आतला डबा झाकल्याशिवाय बाहेरच्याचं झाकण लागत नाही. सगळ्यात बाहेरच्या डब्याचं नाव ‘एचटीएमएल’. त्याच्या आत दोन डबे. ‘हेड’मध्ये पानाबद्दलची माहिती, ‘बॉडी’मध्ये वाचकापुढे येणारं सगळं.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? पण तुम्ही रोज हेच करता. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी टाकली की शब्द ठळक होतो, खालची रेघ टाकली की तिरका होतो. चांदणी समोरच्याला दिसत नाही, तिचं काम दिसतं. हाही मार्कअपच. तोंडावळा वेगळा, घराणं तेच.

वकिलाने काढलेली वाट

ही कल्पना आली कुठून, हे वाचताना मला मजा वाटली. 1967 साली विल्यम टनिक्लिफ नावाच्या छपाई क्षेत्रातल्या गृहस्थांनी कॅनडाच्या सरकारी छापखान्यातल्या एका सभेत मांडलं, की मजकूर काय आहे आणि तो कसा दिसावा, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. 1969 साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी हे तिघे वकिलांच्या कचेरीतल्या कागदपत्रांसाठी संगणकाची प्रणाली बनवत होते. गोल्डफार्ब स्वतः वकील. कागद लिहायचा एका प्रोग्राममध्ये, शोधायचा दुसऱ्यात, छापायचा तिसऱ्यात, आणि प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. मग त्यांनी एकच खुणांची पद्धत बनवली आणि तिला नाव दिलं जीएमएल. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं त्यात बसवून.

यातली मोठी गोष्ट नावात नाही, विचारात आहे. आमचे संपादक लिहायचे ‘24 पॉइंट काळा’. ही दिसण्याची खूण झाली. गोल्डफार्ब यांचं म्हणणं, तसं लिहू नका. ‘हे शीर्षक आहे’ एवढंच लिहा. शीर्षक 24 पॉइंटात छापायचं, पडद्यावर निळं दाखवायचं, की नुसतं सूचीत घ्यायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. वस्तूला तिच्या नावाने हाक मारा, तिचे कपडे सांगू नका.

त्यातूनच पुढे एसजीएमएल आली. 1986 साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, क्रमांक 8879. ती भक्कम होती, पण शिकायला अवघड. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली काम करत होते. वेगवेगळ्या देशांतले शास्त्रज्ञ, वेगवेगळे संगणक, एकाचा कागद दुसऱ्याला उघडेना. 1989 साली त्यांनी एक प्रस्ताव लिहिला, 1990च्या अखेरीपर्यंत पहिलं वेबपान चालतं केलं आणि 1991 साली ते जगासमोर ठेवलं. खुणांसाठी त्यांनी एसजीएमएलचाच बाज उचलला, पण अगदी थोडक्यात. त्यांच्या पहिल्या टिपणात टॅगची संख्या जेमतेम 18 होती. 1993च्या एप्रिलमध्ये सर्नने हे सगळं विनामूल्य, विनाअट खुलं केलं. नाहीतर सोलापूरच्या कंपोझिटरच्या पोराला आज फुकटात ब्लॉग कुठून मिळाला असता?

पुढे लोकांना पान नुसतं चालायला नको होतं, नटायला हवं होतं. अक्षराचा रंग, आकार सांगणारा ‘फॉन्ट’ टॅग आला. अक्षर उघडझाप करणारा ‘ब्लिंक’ आला. म्हणजे गाडी परत ‘24 पॉइंट काळा’वर आली. हा पसारा आवरायला नॉर्वेच्या होकोन विउम ली यांनी 1994 साली सीएसएसची कल्पना मांडली, 1996च्या डिसेंबरात ती मानक म्हणून आली. आता काम वाटून झालं. एचटीएमएल सांगते हे काय आहे, सीएसएस सांगते ते कसं दिसावं. 1998 साली एक्सएमएल आली. तिच्यात ज्याला हवे त्याने आपापले टॅग बनवावेत. ई-पुस्तकांचा इपब हा साचा आतून याच कुळातल्या खुणांनी शिवलेला असतो. 2014 साली एचटीएमएल 5 मानक झाली आणि ‘आर्टिकल’, ‘हेडर’, ‘फूटर’, ‘नॅव’ असे, पानाचा कुठला भाग काय आहे ते सांगणारे टॅग मिळाले.

आपल्या मराठीची त्या काळातली कहाणी तर वेगळीच. 2000च्या आसपास बऱ्याच मराठी पानांवर युनिकोड नव्हतं. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट असायचे आणि पानामागे ‘फॉन्ट’ टॅगमध्ये त्या फॉन्टचं नाव. ‘आधी फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना डोक्यावर. फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा भुसा. माझे स्वतःचे त्या काळातले काही लेख असेच भुसा होऊन पडले आहेत. खूण दिसण्याची असली की दिसणं गेल्यावर काहीच उरत नाही. हे वाक्य लिहिताना मला अब्बाच आठवत होते.

माझा गुन्हा

आता माझ्या पानामागे काय होतं ते सांगतो. एकही ‘एच 2’ नव्हता. शीर्षक म्हणून मी ज्या ओळी मोठ्या आणि ठळक केल्या होत्या, त्या यंत्राच्या लेखी साधे परिच्छेद होते, फक्त अंगाने दांडगे. डोळस वाचकाला ते शीर्षक वाटतं, कारण तो अंदाज बांधतो. टॉकबॅक अंदाज बांधत नाही. त्याला ‘हे शीर्षक आहे’ असं सांगितलेलं असेल तर तो शीर्षक म्हणून उच्चारतो, आणि एका शीर्षकावरून पुढच्यावर उडी मारू देतो. सांगितलेलंच नसेल तर अब्बांना अडीच हजार शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकण्यावाचून इलाज नाही. मध्येच फोन आला, चहा आला, तर परत पहिल्यापासून.

फोटोंचं तेच. फोटोच्या टॅगमध्ये ‘ऑल्ट’ नावाची एक जागा असते, तिथे फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहायचं असतं. माझ्या सगळ्या ‘ऑल्ट’ रिकाम्या. त्यात एक फोटो अब्बांच्याच छापखान्याचा होता. त्यात ते केसपुढे उभे आहेत. फोन त्या फोटोपाशी येऊन ‘इमेज’ म्हणाला होता आणि पुढे गेला होता. अब्बांना कळलंही नव्हतं की ते स्वतःवरूनच पुढे गेले.

वर्डमधून चिकटवलेल्या लेखांत तर प्रत्येक परिच्छेदाला ‘एमएसओ नॉर्मल’ नावाची शेपूट आणि शब्दाशब्दाला रंग-आकाराच्या चिंध्या. दोन ओळींच्या मजकुराला दहा ओळींच्या खुणा.

मग अम्मींचं पत्र. अम्मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. मी पुण्यात होस्टेलवर होतो तेव्हा त्या मला उर्दूतून पत्रं लिहायच्या. त्यातली एक ओळ मी त्यांच्या आठवणींच्या लेखात उर्दू लिपीतच दिली होती. ‘तेरा नाम शिधापत्रिका में अब भी है’ अशा अर्थाची. यातला ‘शिधापत्रिका’ हा शब्द त्यांनी देवनागरीत लिहिला होता, कारण कार्डावर तो तसाच छापलेला. घरी तो शब्द कुणी बोलत नसे, पण सरकारी गोष्ट सरकारी अक्षरात लिहावी असं त्यांचं मत.

माझं पान डावीकडून उजवीकडे चालणारं. उर्दू उजवीकडून डावीकडे. मध्ये देवनागरी शब्द आल्याने ब्राउझरने वाक्याचे दोन तुकडे केले आणि पानाच्या चालीप्रमाणे पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे मांडला. उर्दू वाचणारा उजवीकडून सुरुवात करणार. त्याला दिसणार ‘में अब भी है शिधापत्रिका तेरा नाम’. अम्मींना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्यांचं एक वाक्य मी जपून ठेवलं होतं, तेही उलटं.

यावर उपाय केवढा? त्या परिच्छेदाच्या टॅगमध्ये दोन गोष्टी लिहायच्या. ‘डीआयआर’ म्हणजे दिशा, तिथे ‘आरटीएल’, उजवीकडून डावीकडे. आणि ‘लँग’ म्हणजे भाषा, तिथे ‘यूआर’, उर्दू. 1997च्या डिसेंबरात आलेल्या एचटीएमएल 4पासून ही सोय मानकात आहे. म्हणजे माझा ब्लॉग सुरू व्हायच्या कितीतरी आधी कुणीतरी बसून विचार केला होता, की एकाच पानावर दोन दिशांनी चालणाऱ्या लिप्या येतील, त्यांना एकमेकींना न तुडवता चालता आलं पाहिजे. मी मात्र दोन्ही लिप्यांच्या घरात वाढून तो केला नव्हता. दोन शब्द लिहिले, पान पुन्हा उघडलं. अम्मींचं वाक्य सरळ झालं होतं.

दोन अक्षरं

राहिली होती ती हिंदी बाई. मी पानाच्या अगदी वर गेलो. सगळ्यात बाहेरच्या डब्यावर, पहिल्याच टॅगमध्ये, लिहिलं होतं : ‘लँग’ बरोबर ‘एचआय’. हिंदी. मित्राचा साचा उचलताना त्याचं नाव काढलं होतं, ही दोन अक्षरं राहून गेली होती. दहा वर्षं माझं प्रत्येक मराठी पान जगाला ‘मी हिंदी आहे’ असं सांगत होतं. बाईचा काय दोष? तिला हिंदी वाच म्हणून सांगितलं होतं, ती हिंदी वाचत होती.

मी ‘एचआय’ खोडून ‘एमआर’ लिहिलं. जतन केलं. पान पुन्हा उघडलं आणि खुर्चीतच बसून राहिलो.

‘ल’ बदलला होता. पाकळ्यांचा. ‘श’ला देठ आला होता.

झालं असं होतं : नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये दोन्ही ‘ल’ असतात, हिंदी वळणाचा आणि मराठी वळणाचा. युनिकोडमध्ये ‘ल’ एकच आहे. कुठला आकार दाखवायचा हे ब्राउझर पानाच्या भाषेवरून ठरवतो. सगळ्याच फॉन्टमध्ये ही सोय नसते, पण माझ्या ब्लॉगच्या फॉन्टमध्ये होती. खिळा पहिल्या दिवसापासून केसमध्येच होता. मागणाऱ्याने हिंदी म्हणून मागितला, म्हणून हिंदी मिळत होता. 2017च्या ईदला अब्बांनी ज्या अक्षरावर बोट ठेवलं होतं, ते दोन अक्षरांत सुधारता आलं असतं. तेव्हा त्यांना ते दिसलं असतं.

पुढचे तीन आठवडे मी रात्री जुने लेख उघडून शिवण उसवत बसलो. खोटी शीर्षकं काढून खरी घातली. ‘ऑल्ट’ भरल्या. छापखान्याच्या फोटोखाली लिहिलं : केसपुढे उभे अब्बा, डाव्या हातात स्टिक, खिडकीतून आलेलं ऊन खिळ्यांवर. मग सोलापूरला गेलो.

अब्बांनी फोन कानाशी धरला. यावेळी बाई मराठी होती. ‘चमचा’तला ‘च’ बरोबर आला तशी त्यांनी मान हलवली. शीर्षकावरून शीर्षकावर बोटाने उड्या मारून पाहिल्या, पुढे गेले, मागे आले. छापखान्याच्या फोटोपाशी बाईने ती ओळ वाचली. ते थांबले, तेवढीच ओळ परत ऐकली. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अब मॅटर बराबर लगा.”

मला ‘ल’चं सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी सांगितलंच. “अब्बा, वो ल भी बदल गया. आपला झाला.”

“खिळा नया मंगाया?”

“नाही. खिळा तिथेच होता. मराठी म्हणून मागितला नव्हता, एवढंच.”

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग चहाचा कप चाचपत म्हणाले, “तो पहलेच मांगना था ना रे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तुमच्यापैकी बरेच जण लिहिता. कुणाचा ब्लॉग आहे, कुणी संस्थेचं, शाळेचं, तालमीचं संकेतस्थळ सांभाळतं. एक विनंती. आज रात्री दहा मिनिटं काढा आणि आपलं पान उलटून पाहा. पहिल्या टॅगमध्ये भाषा कुठली लिहिली आहे? मराठी असेल तर ‘एमआर’ हवं. शीर्षकं खरी आहेत की नुसती दांडगी? फोटो बोलतात की मुके आहेत? हे शिकायला अभियंता व्हावं लागत नाही. खूण पाळायची असते, हे सातवी शिकलेल्या माझ्या कंपोझिटर बापाला कळत होतं. फक्त खूण आधी कुणीतरी करावी लागते, आणि वेळेत करावी लागते.